खडीवरच्या एकोणीस जणी

वाटण्या झाल्या की घरातल्या म्हातारीच्या वाट्याला काय येतं, हे मी तुम्हाला नव्याने सांगायला नको. आमच्याकडेही फार वेगळं घडलं नाही. २०२३ च्या उन्हाळ्यात नव्या गावठाणातलं जुनं पत्र्याचं घर पाडून स्लॅबचं बांधायचं ठरलं आणि त्या निमित्ताने जागेच्या, भांड्याकुंड्यांच्या, अगदी पितळी घंगाळापर्यंत सगळ्याच्या वाटण्या झाल्या. सासूबाई भिंतीला टेकून गप्प बसल्या होत्या. शेवटी माझ्या थोरल्या दिरांनी (आम्ही सगळे त्यांना दादा म्हणतो) विचारलं, "आई, तुला काय ठेवायचं?"

"मला ती पेटी द्या. मामंजींची."

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. पेटी म्हणजे माळ्यावरची गंजलेली पत्र्याची ट्रंक. दादा हसले. "तिच्यात झुरळांशिवाय काही नाही. मी भंगारवाल्याला सांगून ठेवलंय."

"आसूं दे. झुरळं बी मलाच द्या."

लग्नाला बावीस वर्षं झाली होती माझ्या. एवढ्या काळात या बाईने स्वतःसाठी काही मागितलेलं मी ऐकलं नव्हतं. म्हणून ट्रंक आमच्याकडे आली. आणि खरं सांगते, पहिले चार महिने ती पलंगाखाली तशीच पडून होती. बचत गटाची ऑडिटं, मुलाची बारावी... कुणाला वेळ होता?

दिवाळीच्या साफसफाईत ती एकदाची उघडली. आत टपालखात्याच्या जुन्या पावत्या, एक जाड वही, एक काळा चौकोनी कॅमेरा आणि कागदी पुड्यांमध्ये बांधलेल्या निगेटिव्ह. वरून झाकण उघडलं तसा आंबूस वास आला, लोणच्यात घालतात त्या व्हिनेगरचा. मला वाटलं काही सांडलं असेल. तो वास कशाचा होता, ते पुढे कळलं.

थोडं मागचं सांगते. माझे आजेसासरे इंदापूर तालुक्यातल्या भीमाकाठच्या एका गावात पोस्टमास्तर होते. म्हणजे पूर्ण पगाराचे नव्हेत, शाखा टपाल कार्यालयाचे. शेती हाच खरा धंदा, पोस्ट ओसरीवर. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. पुढे वाचाल तेव्हा कारण कळेल. त्यांचा धाकटा भाऊ मुंबईला गिरणीत होता. त्याने १९६४ साली येताना आगफा क्लिक थ्री हा कॅमेरा आणला. ज्यांच्या घरी तो होता त्यांना आठवेल, भारतात बडोद्याला बनायचा तो. त्यात फार काही करायचं नसे. ऊन असेल तर सूर्याचं चित्र, आभाळ असेल तर ढगाचं चित्र, एवढीच खूण फिरवायची. एका रोलवर बारा फोटो. सव्वादोन इंची चौकोनी.

आता खेड्यातल्या पोस्टमास्तरला कॅमेऱ्याचं वेड का लागावं? वही वाचली आणि उलगडा झाला. गावातले बरेच पुरुष मुंबईला. त्यांच्या मनिऑर्डरी आजेसासऱ्यांच्याच हातातून घरोघर जायच्या आणि बायकांची पत्रंही तेच लिहून द्यायचे. पत्रात किती लिहिणार? "मुलगा रांगायला लागला" असं लिहिण्यापेक्षा त्याचा फोटो पाठवला तर! म्हणून मग बायका-मुलं घरापुढे उभी करून फोटो, पाकिटात घालून मुंबईला. निगेटिव्ह राहायची इथे. हौस तिथून सुरू झाली आणि मग त्यांनी गावच टिपायला घेतलं. १९६४ ते १९७७ या तेरा वर्षांत २९ रोल. म्हणजे ३४८ फोटो व्हायला हवेत. काही जळलेले, काही कसरीने खाल्लेले. पाहण्याजोगे २६१ निघाले.

ही वही म्हणजे पोस्टाच्या रजिस्टरची सख्खी बहीण! अनुक्रमांक, तारीख, तपशील. "मोटेवर अमुक." "खळ्यावर अमुक व तमुक, तिवड्यापाशी." "वावडीवर उभे, उफणणी." बैलांचीसुद्धा नावं आहेत, मैत्रिणींनो. 'सरदार्‍या' आणि 'पाखऱ्या' नावाचे आमचे बैल आता मला माहीत आहेत. आणि बायका? "अमुक यांची मंडळी." "मंडळी व मुले." "पाणवठ्यावर बायका." रब्बीच्या ज्वारीच्या काढणीचा एक सुंदर फोटो आहे, शाळू उपटणाऱ्या बायकांची लांबलचक पात, सगळ्या वाकलेल्या. त्याखाली लिहिलंय, "शाळू काढणी. बायका १४." बैलांना नावं आणि बायकांना आकडा.

मी हे सासूबाईंना वाचून दाखवलं तर त्या म्हणाल्या, "मग कशी लिवनार? सुनंचं नाव सासऱ्यानं घ्यायचं नसतं, नि दुसऱ्याच्या बाईचं तर न्हाईच न्हाई." त्यांच्या बोलण्यात रागही नव्हता.

त्या वेळी माझ्या मनात आलं, ही नावं शोधायची. बी. ए. ला इतिहास होता माझा, पण तिथे शिकलेल्या राजे-तहांपेक्षा हे काम मला जास्त इतिहासाचं वाटलं. अवघडही होतं. या कॅमेऱ्याची एक खोड अशी, की माणूस दहा फुटांच्या आत आला की धूसर निघतो. त्यामुळे सगळे लांब उभे. चेहरे हरभऱ्याएवढे.

निगेटिव्हचं काय करायचं हे आधी कळेना. तालुक्याच्या एका स्टुडिओत नमुना म्हणून दोन पट्ट्या दिल्या, एकच परत आली. दुसरी "सापडेल, ताई, सापडेल" म्हणत आजतागायत सापडायची आहे. तेव्हापासून कानाला खडा. मग पुण्याला शिकणाऱ्या भाच्याने युक्ती सांगितली. एका मोबाइलच्या स्क्रीनवर नुसता पांढरा प्रकाश लावायचा, त्यावर थोडं अंतर राखून, कोपऱ्यांवर टेकवून निगेटिव्ह धरायची आणि दुसऱ्या मोबाइलने फोटो काढायचा. मग रंग उलटे करायची सोय मोबाइलमध्येच असते. काळ्याचं पांढरं, पांढऱ्याचं काळं, आणि अंधाऱ्या खोलीत अचानक तुमची आजी उभी! ओळख पटवायला एवढं पुरतं. चांगल्या प्रतीसाठी मात्र झाकणात दिवा असलेला स्कॅनर लागतो. तो भाच्याने महिनाभर आणून दिला.

त्यानेच सांगितलं, तो व्हिनेगरचा वास म्हणजे जुन्या फिल्मचं प्लास्टिक कुजायला लागल्याची खूण. एक फिल्म कुजली की तिच्या वाफेने शेजारच्याही कुजतात. म्हणून वास येणाऱ्या पट्ट्या वेगळ्या काढायच्या आणि त्यांच्या प्रती सगळ्यात आधी करायच्या. उन्हात वाळत घालायच्या नाहीत. (मी घालणार होते! पापडासारख्या.) तुमच्या घरी जुने फोटो असतील तर आणखी दोन गोष्टी माझ्या चुकांमधून सांगते. काचेला चिकटलेला फोटो ओढून काढू नका, मी एक काढला आणि चुलत आजेसासऱ्यांचं नाक काचेवर राहिलं. काचेसकटच त्याचा फोटो घ्या. आणि मागे नाव लिहायचं तर बॉलपेनने नको, मऊ पेन्सिलने, हलक्या हाताने. पेनाची शाई पुढे उमटते. चिकटपट्टी, लॅमिनेशन हे तर फोटोचे वैरी. माळाही नको, पत्र्याखाली उन्हाळ्यात भट्टी होते तिथे. घरातल्या थंड खोलीतलं कपाट बरं.

असो. शोध सुरू झाला तो आमच्या बचत गटाच्या बैठकीत. कर्जाचे हप्ते झाले की मी लॅपटॉप उघडायची. पहिल्या दिवशी सहा जणी होत्या, तिसऱ्या बैठकीला सासवा आल्या, मग आजेसासवा. मला वाटलं होतं त्या चेहरे ओळखतील. पण त्या चेहऱ्यांकडे बघेचनात! एकीने दंडातल्या वाकीवरून ओळखलं, एकीने पदर घ्यायच्या पद्धतीवरून. "ही उजवा खांदा पाडून उभी ऱ्हायची, हंडा वाहून वाहून तशी झालेली." आणि दागिने! बोरमाळ, गाठलं, पुतळ्या... कुणाच्या गळ्यात काय होतं हे पन्नास-साठ वर्षांनीही पाठ. ६८-६९ च्या फोटोत ज्यांचे गळे भरलेले, त्याच बायका ७३ सालच्या फोटोत नुसत्या काळ्या मण्यांवर. मधलं ७२ साल कुणाला समजावून सांगावं लागलं नाही.

आमच्या गटात बौद्धवस्तीतली एक मैत्रीण आहे. ती एकदा बैठक संपल्यावर मागे थांबली. म्हणाली, "ताई, आमच्या आज्जीचा असंल का वो एखादा?" मी २६१ फोटो पुन्हा पाहिले. गावाचे म्हणून आम्ही मिरवत होतो त्या फोटोंत तिची वस्ती कुठे होती? एका वरातीच्या फोटोत मागे, अर्धी कापली गेलेली, डोक्यावर भारा घेतलेली एक बाई. वहीत तिचा आकडाही नाही. मैत्रिणीने बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "ही नसंल." तेव्हापासून "गावाचे फोटो" म्हणताना माझी जीभ जरा अडखळते.

पण त्याच आठवड्यात कुजायला लागलेल्या पुडीतला रोल निघाला. या रोलचे फोटो कधी छापलेच नव्हते, कारण तेव्हा छापायला पैसे नव्हते. वहीत नोंद : "फेब्रुवारी १९७३. रस्ता काम. बायका १९."

तरुण मुलींसाठी सांगते. १९७२ साली पाऊस जवळजवळ पडलाच नाही. त्याआधीची एक-दोन वर्षंही ओढाताणीचीच होती. सरकारने दुष्काळी कामं काढली, रस्ते, पाझर तलाव, खडी फोडणं. १९७३ च्या मे महिन्यात राज्यात अशा कामांवर सुमारे ५० लाख माणसं होती आणि त्यांत बायकांची संख्या प्रचंड. खायला लाल मिलो ज्वारी, लेकरांना सुकडी. १९७२ मध्येच सुरू झालेल्या रोजगार हमी योजनेचा पुढे १९७७ मध्ये कायदा झाला, त्यामागे या खडीवरच्या बायकांचे हात आहेत.

फोटोत रस्त्याच्या कडेला ओळीने बसलेल्या बायका, हातात हातोड्या, पुढे खडीचे ढीग. मागे बाभळ आणि बाभळीला बांधलेल्या दोन झोळ्या. बऱ्याच जणींनी पदर नाकापर्यंत ओढलेला. धुळीमुळे असेल, असं मला वाटलं.

ती रात्र मला चांगली आठवते. दादा जेवायला आले होते. प्रजासत्ताक दिनाला जिल्हा परिषदेच्या शाळेत या फोटोंचं प्रदर्शन मांडायचं घाटत होतं आणि दादाच त्यात पुढे होते. बैलांचे, खळ्याचे, जुन्या देवळाचे फोटो त्यांनी मोठे करायला काढले होते. हा मात्र बाजूला ठेवला. "हा नको. लोकांना वाटेल आपल्या घरातल्याच आहेत. आपल्या घरातली बाई कधी खडीवर गेली नाही."

हे वाक्य मी लग्न होऊन आल्यापासून ऐकत होते. सासरे म्हणायचे, दादा म्हणतात, आमचे हेसुद्धा पाहुण्यांत म्हणतात. दुष्काळात सगळं गाव खडीवर गेलं, पण आपल्या बायका उंबऱ्याच्या आत राहिल्या, हा आमच्या घराचा एक दागिनाच होता म्हणा ना.

सासूबाई भाकरी कुस्करत होत्या. ताटावरून नजर न काढता म्हणाल्या, "डावीकडनं पाचवी मी हाय."

कुणी काही बोललं नाही.

"आन् ती अलीकडली झोळी हाय ना, त्यात तू हायेस, दादा. दीड वर्साचा व्हतास. लई रडायचास."

दादांचा घास हातातच राहिला. मग त्यांनी एकच विचारलं, "अण्णांना माहीत होतं?" अण्णा म्हणजे माझे सासरे, २०१४ साली गेले.

"त्यांनीच सांगितलं जा म्हनून. आनि त्यांनीच सांगितलं, कुनाला बोलू नको म्हनून. मस्टरवर म्या म्हायेरचं नाव सांगितलं व्हतं."

मस्टरवर माहेरचं नाव! सासरची अब्रू राखायला बाईने आपलं जुनं नाव बाहेर काढलं, आणि आठवड्याचा पगार मात्र सासरच्या चुलीत गेला. नाकापर्यंत पदर का, तेही तेव्हा कळलं. समोर कॅमेरा घेऊन सासरे उभे होते. ते पोस्टाचं टपाल घेऊन त्या रस्त्याने जायचे. त्यांनी सुनेला ओळखलं नसेल? सासूबाई म्हणतात, ओळखलं. फोटो काढून झाल्यावर झोळीपाशी गेले, लेकराच्या तोंडावरची माशी हाकलली आणि एक शब्द न बोलता निघून गेले. घरी कधी विषय नाही. फक्त वहीत "बायका १९". अठरा लिहिता आलं असतं त्यांना.

म्हणजे आपला फोटो त्या पेटीत आहे हे या बाईला पन्नास वर्षं माहीत होतं.

पुढचे आठ-दहा दिवस घरात अबोला होता. दादांचं म्हणणं मला पूर्ण चुकीचंही वाटत नव्हतं. गेलेल्या बापाला लोकांपुढे खोटं पाडायचं? आमच्या ह्यांचा कल "आईला विचारा" एवढाच. मी विचारलं. त्यांनी दोन दिवस उत्तर दिलं नाही. मग म्हणाल्या, "लावा. पर माझं एकटीचं नाव नगं. एकोनीस जनींची लावा, न्हाईतर न्हाई." आणि पाठोपाठ, "सगळ्या एका वळीत बसायचो बघ, कुनाचा इटाळ नव्हता. पान्याचे डेरे तेवढे दोन व्हते."

तो दुसरा डेरा फोटोत नाही. पण त्या ओळीत बौद्धवस्तीतल्या चौघी आहेत. मी त्या मैत्रिणीला बोलावून घेतलं. सासूबाईंनी बोट ठेवलं, "ही तुझी आज्जी. माझ्या उजव्या अंगाला. हिनंच मला हातोडी धरायला शिकिवलं." मैत्रिणीने त्या हरभऱ्याएवढ्या चेहऱ्याचा मोबाइलवर फोटो काढला, मोठा केला, तर नुसते ठिपके झाले. तरी तिने तो ठेवलाय.

२०२४ च्या मे महिन्यात उजनी मायनस पन्नासच्याही खाली गेली आणि जुनी गावं उघडी पडली. पळसदेवचं पळसनाथाचं देऊळ पाण्याबाहेर आलेलं बघायला पुण्या-मुंबईहून गाड्या येत होत्या. आम्ही आमच्या गावाच्या जागेवर गेलो. उजनीची पायाभरणी १९६६ सालची आणि धरण पुरं झालं १९८० साली, पण आमचं गाव उठलं ७७ मध्ये. वहीतला शेवटचा रोल त्याचाच आहे : बैलगाडीत वासे, तुळया, चौकटी आणि सगळ्यात वर पालथं घातलेलं जातं. भेगाळलेल्या गाळात फोटो हातात धरून सासूबाई चालत होत्या. घराचा चौथरा सापडला. मग त्या म्हणाल्या, रस्ता दाखवते. खडीचा तो रस्ता, ज्यावर डांबर पडायच्या आधीच पाणी आलं, गाळाखाली कुठेतरी होता. त्यांनी काठीने टोकरलं. दोन खडे निघाले. ते त्यांनी पदराला बांधले नाहीत की काही नाही, बघितले आणि टाकून दिले. "लई हात फुटायचे" एवढंच म्हणाल्या.

२०२५ च्या २६ जानेवारीला शाळेत प्रदर्शन झालं. चाळीस फोटो. खडीचा फोटो दाराशीच लावला, तीन फूट रुंद करून. खाली एकोणीस ओळी, त्यातल्या अकरांवर नाव, आठ रिकाम्या. नावं बायकांची स्वतःची, मग माहेर, मग सासर. दादा सकाळी लवकर येऊन खुर्च्या मांडून गेले, पण उद्घाटनाला थांबले नाहीत. दुपारी गर्दी ओसरल्यावर परत आले म्हणे. शाळेच्या शिपायाने सांगितलं, बराच वेळ झोळीपाशी बोट लावून उभे होते.

दुपारपर्यंत दोन रिकाम्या ओळी भरल्या. एक म्हातारी नातवाच्या मोटारसायकलवरून आली आणि स्वतःलाच दाखवून गेली. दुसरं नाव एका रिटायर शिक्षकांनी सांगितलं, ती त्यांची आई. सांगताना आजूबाजूला बघत होते. मी म्हटलं, नको असेल तर पुसते. म्हणाले, "राहू द्या. पण आडनाव नको." पेन्सिलने लिहिलं होतं, आडनाव खोडलं. गावाचं नाव मी का लिहीत नाही, ते यासाठी.

मुंबईत 'स्पॅरो' नावाची संस्था १९८८ पासून बायकांची छायाचित्रं आणि आठवणी जपण्याचं काम करते. ती आहे हे कळल्यापासून आपण अगदीच वेडेपणा करत नाही, असं वाटायला लागलंय. आमच्याकडे मात्र तीन प्रती आहेत. एक घरी, एक भाच्याकडे पुण्याला, एक शाळेच्या कपाटात. मूळ निगेटिव्ह कागदी पाकिटांत, सासूबाईंच्या कपड्यांच्या कपाटात. वासाच्या वेगळ्या. वहीत मी समासात पेन्सिलने नावं भरत चालले आहे, पोस्टमास्तरांची अक्षरं न खोडता. शाळू काढणाऱ्या चौदांपैकी नऊ झाल्या.

खडीवरच्या अजून सहा राहिल्यात. त्यातली उजवीकडून दुसरी, कपाळावर मोठं गोंदण असलेली, तिची लेक टेंभुर्णीला दिली आहे असं परवा कळलं. सासूबाईंचे गुडघे दुखतात, पण यायचं म्हणतात. मंगळवारची एसटी दुपारी आहे. दादा म्हणाले, एसटीने नको, मी गाडी काढतो.